सेकंड हँड इंडस्ट्रियल शिलाई मशीन घेताय? आधी चाक हाताने फिरवा

जुनं मशीन बघायला निघताना पाकिटात पैसे किती आहेत ते नंतर बघा, आधी पिशवीत आपला माल भरा. म्हणजे तुम्ही जे शिवणार आहात तेच कापड, तेच रेक्झिन, तेच लेदर, त्याच नंबरचा धागा आणि दोन-तीन नव्या कोऱ्या सुया. विकणारा शिवून दाखवतो ते कायम कॉटनच्या चिंधीवर, दोन पदर घालून, आणि कॉटनच्या दोन पदरांवर बहुतेक सगळीच मशिनं छान टाका टाकतात. त्यावरनं काहीच कळत नाही. तुमचा माल सुईखाली गेला की मग खरं काय ते बाहेर येतं.

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत बॅगा, सीट कव्हर आणि असली जाड शिलाईची कामं करते. ओळखीतलं कुणी मशीन घ्यायचं म्हटलं की मला सोबत नेतात, त्यात बऱ्याचदा बचत गटाच्या बायका असतात, कर्ज काढून पहिलं पॉवर मशीन घेणाऱ्या. घरातल्या पायमशीनवर वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवलेली बाई, टाका नुसता बघून धागा कुठे अडकतोय ते सांगेल अशी, पण इंडस्ट्रियल मशीनसमोर उभी राहिली की समोरच्याच्या बोलण्यावर विसंबते. आणि तो काय म्हणणार, "ताई, एक नंबर मशीन हाय, डोळे झाकून घेऊन जावा." मला याचा मनापासून राग येतो, कारण मशीन बंद पडलं तरी बँकेचा हप्ता चालूच राहतो आणि तो त्या बाईलाच भरायचा असतो. म्हणून मी बघायला गेल्यावर काय काय करते ते सगळं इथे लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट घरीच ठरवायची, काय शिवणार. ब्लाऊज, ड्रेस, शर्ट, शाळेचे युनिफॉर्म असं काम असेल तर साधं सिंगल नीडल लॉकस्टिच, म्हणजे एका सुईचं, वरचा आणि खालचा धागा गुंफून टाका घालणारं मशीन पुरतं, आणि जुन्या बाजारात त्यातली कितीतरी मशिनं जुकी या जपानी कंपनीची डीडीएल-५५५०, डीडीएल-८७०० नाहीतर त्यांच्याच धर्तीवर बनवलेली चायनीज असतात. यात कापड फक्त खालचे दाते ओढतात. मिनिटाला साडेपाच हजार टाक्यांपर्यंत जायची यांची ताकद, ८७०० चा मोठ्यात मोठा टाका ४ मि.मी., आणि नंबरापुढे एच असेल तर तो जाड कापडाचा प्रकार, त्याचा टाका ५ मि.मी. पर्यंत जातो. हेच मशीन बॅगेवाल्याला "जीन्स पण शिवतंय, रेक्झिन पण शिवतंय" म्हणून विकलं जातं. शिवतं ना, शिवत नाही असं नाही, पण चार पदर रेक्झिन आणि वर नायलॉनचा पट्टा घातला की वरचा पदर मागे राहतो, खालचा पुढे पळतो आणि शेवटी दोन कडा जुळत नाहीत, मग बाई हाताने माल ओढायला लागते आणि सुई तुटते.

जाड मालाला वॉकिंग फूट, म्हणजे माल दाबणारा फूट स्वतःही चालत माल ओढतो असं मशीन पाहिजे, आणि त्यातही कंपाउंड फीड मिळालं तर उत्तम. त्यात सुई मालात असतानाच खालचे दाते आणि आतला फूट तिच्याबरोबरच सरकतात, मग बाहेरचा फूट माल दाबून धरतो आणि आतला उचलून परत पुढे येतो, त्यामुळे सगळे पदर एकसारखे जातात. जुकीची एलयू-५६३, एलयू-१५०८, डीएनयू-१५४१ ही त्यातली नावाजलेली मशिनं. १५४१ चा टाका ९ मि.मी. पर्यंत जातो आणि वेग मिनिटाला २५०० टाके, म्हणजे कपड्याच्या मशीनच्या निम्म्याहून कमी, पण जाड कामाला वेग लागतोच कुठे. काही मशिनांत फूट चालतो पण सुई जागेवरच राहते, आणि विकणारा दोन्हीला वॉकिंग फूटच म्हणणार. त्याला विचारू नका, चाक हळूहळू फिरवा आणि खाली वाकून बघा, सुई मालाबरोबर मागे सरकते की नुसती वरखाली होते, दहा सेकंदांत कळतं.

आणि आपल्याकडे कुठल्याही पॉवर मशीनला सरसकट जुकीच म्हणतात, त्यामुळे फोनवर "जुकी हाय" ऐकून गाडी काढू नका. मॉडेलच्या पाटीचा आणि खालच्या सिरीयल नंबरचा फोटो मागवा. ८७०० हा आकडा कितीतरी चायनीज ब्रँड आपापल्या मशीनवर घालतात, त्यात गैर काही नाही, काही मशिनं चांगलीही असतात, पण मग भाव जुकीचा कशाला द्यायचा? पाटीचे स्क्रू ताजे चकचकीत आणि बाकी मशीन जुनं, किंवा पाटीखालून वेगळ्या रंगाची कड दिसतेय, असं असेल तर मी तिथंच थांबते. नवा रंग मारलेलं मशीन बघितलं की मला आनंद नाही होत, संशय येतो. मशीन मागे कलवा आणि खालून बघा, खालून कुणी रंग मारत बसत नाही, तिथे मशीनचं खरं वय दिसतं. सिंगरच्या जुन्या मशीनवर क्लास नंबरात अक्षर असतं, २९के, ३१के, ९६के यातला के म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला, म्हणजे त्या कारखान्यातलं मशीन कितीही चकचकीत दिसलं तरी चाळीस वर्षांच्या पुढचंच आहे. माझ्या मते जुनं असणं हा दोष नाही. त्या काळातली बिडाची बॉडी अजून दणकट असते, फक्त आत काय झिजलंय ते बघायला लागतं.

आता चाक. मेन स्विच बंद करायला सांगा, धागा काढा, फूट वर उचला आणि चाक हाताने आपल्या बाजूला फिरवा, एकदम सावकाश, आठ-दहा फेरे. विकणारा म्हणेल "अहो चालवून दाखवतो की", त्याला म्हणा थांबा दोन मिनिटं. मोटरवर पळणारं मशीन आपली दुखणी लपवतं, वेगात सगळा खडखड आवाज एकात मिसळून जातो, हाताने फिरवलं की प्रत्येक अडखळणं तळहाताला लागतं. चाक सगळीकडे सारखंच हलकं फिरलं पाहिजे. एका ठराविक जागी दर फेरीला जड होत असेल तर आत काहीतरी वाकलंय, घासतंय, नाहीतर धाग्याचा गुंता हुकमध्ये, म्हणजे सुईचा धागा खाली पकडणाऱ्या फिरत्या भागात, अडकलाय. धागा अडकलेला असेल तर काढून परत बघा, तो दोष नाही. सगळीकडेच जड असेल तर बहुतेक वेळा आत तेल सुकून चिकट झालेलं असतं, हे साफ होतं, पण किती दिवस बंद पडून होतं ते विचारा. मोटरच्या पट्ट्यावर चालणारं मशीन असेल तर पट्टा काढूनच फिरवा, म्हणजे मोटरचा जडपणा मधे येत नाही.

मग चाक धरून आतबाहेर ढकलून बघा, कट्कट् हलता कामा नये. नंतर चाक अगदी किंचित पुढे-मागे करा आणि नजर सुईवर ठेवा. तुम्ही चाक हलवलं आणि सुई जरा उशिरा हलली, म्हणजे मधले जोड सैल झालेत. सुई ज्या दांड्याला लावतात तो नीडल बार, तो बोटांच्या चिमटीत धरून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा, एकदा वर असताना आणि एकदा पार खाली असताना. तिथे ढिलेपणा लागला तर माझ्यासाठी मशीन तिथंच बाद, मग ते कितीही गोड शिवू दे. कारण सुई आणि हुकच्या टोकामध्ये जे अंतर ठेवायचं असतं ते ०.०४ ते ०.१ मि.मी. इतकं बारीक असतं, कागदाच्या जाडीएवढं म्हणा, आणि नीडल बारच डुलत असेल तर मेकॅनिक आज ते अंतर लावून जाईल आणि उद्या परत टाके सुटतील. बुश, म्हणजे दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या, बदलता येतात, नाही असं नाही, आपल्या उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर काय बनत नाही, पण तो खर्च आणि ती जुळवाजुळव धरून मशीनचा भाव काय पडतो ते बघा.

हुक बघताना मोबाईलचा टॉर्च लावा आणि सुईखालची प्लेट काढायला सांगा. प्लेट काढायला जो माणूस कां-कूं करतो त्याच्याकडे मी जास्त वेळ घालवत नाही. हुकचं टोक एकदम टोकदार आणि गुळगुळीत पाहिजे, नख हळूच फिरवून बघा, खरखर लागली म्हणजे सुई कधीतरी त्याच्यावर आपटलीय. बारीक खरखर असेल तर मेकॅनिक पॉलिश पेपरने काढतात, टोकच बोथट झालं असेल तर हुक नवा टाकायचा. चालू मॉडेलचा हुक बाजारात मिळतो, हिरोसेसारखे चांगले जपानी हुकही येतात, पण जुन्या अडगळीतल्या मॉडेलला हुकच मिळत नाही, आणि हुक ही उद्यमनगरात करून घ्यायची वस्तू नाही. तेव्हा मॉडेल अनोळखी असेल तर मशीन घ्यायच्या आधी पार्टवाल्याला फोन करा, या नंबरचा हुक आणि बॉबीन केस आहे का.

टायमिंगबद्दल सांगते, कारण विकणारा आणि घेणारा दोघं त्यावरच भांडत बसतात. सुई पार खाली जाऊन परत साधारण दोन मि.मी. वर आली की हुकचं टोक बरोबर सुईच्या मध्यावर, भोकाच्या जरा वरच्या बाजूला यायला पाहिजे. नीडल बारवर यासाठी खुणेच्या रेघा असतात. टायमिंग सरकलंय म्हणून मशीन टाकून देऊ नका, ते लावता येतं, उलट तेवढ्यावर भाव पाडून मिळतो. माझा हिशोब एवढाच की जे लावता येतं, बदलता येतं त्यावर भाव करायचा, आणि जे मशीनच्या अंगातच झिजलंय त्याला हातच लावायचा नाही.

बैल घेताना दात बघतात, इथेही दातेच बघायचे. प्लेटमधून वर येणाऱ्या दात्यांवर बोट फिरवा, टोकं बोटाला टोचली पाहिजेत. सपाट झालेत म्हणजे मशीन भरपूर चाललंय. दाते, प्लेट, फूट या सगळ्या बदलायच्याच वस्तू, महाग नाहीत, पण मशीनवर किती काम झालंय ते त्याच सांगतात, विकणाऱ्याने "घरगुती वापर, जास्त चाललंच नाही" कितीही सांगू दे. प्लेटचं भोक बघा, गोल आहे की सुईने खाऊन लांबट केलंय. धागा ज्या ज्या ठिकाणाहून जातो तिथे, टेन्शनच्या म्हणजे धागा दाबून धरणाऱ्या चकत्या, वरखाली होणारी धाग्याची दांडी, धाग्याच्या छोट्या छोट्या कड्या, तिथे नायलॉन धाग्याने खाचा पडतात. खाच पडलीय आणि मालक म्हणतो नवीनच आहे, तर मग काय समजायचं ते समजा.

आता कोल्हापूरकरांसाठी खास, पुराचं मशीन. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, चिखली, आंबेवाडी, किती घरांत, किती दुकानांत मशिनं पाण्याखाली होती. ज्यांचं गेलं त्यांच्याबद्दल मला वाईटच वाटतं, त्यातली काही मशिनं लोकांनी नीट उघडून, धुवून, तेल घालून परत उभी केली आणि ती आजही चालतात, मी पाहिलीत. पण काही नुसती रंगवून बाजारात आली आणि अजून हात बदलत फिरतायत. ती ओळखायची कशी? मशीन कलवून खालच्या कोनाकोपऱ्यात बघा, जिथे फडकं पोचत नाही, तिथे पिवळट बारीक गाळ बसलेला असतो, तेलात कालवलेला. स्क्रूच्या खाचेत लालसर गंज. अॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी. टेबलाच्या प्लायच्या खालच्या कडा फुगलेल्या, थर सुटलेले, नाहीतर टेबलच कोरं नवं आणि मशीन जुनं. मोटरच्या झाकणाच्या आत गाळाची रेघ दिसते का बघा. आणि सरळ विचारा, पुरातलं आहे का म्हणून. खरं सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि त्याने खरं सांगितलं, कुठल्या मेकॅनिकने उघडलं होतं ते सांगितलं, तर मी ते मशीन जास्त विश्वासाने बघते.

तेलाचं बघायला फार कुणी जात नाही पण माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो. ८७०० सारख्या मशीनला खाली तेलाचा ट्रे असतो, त्यात हाय आणि लो अशा खुणा असतात, तेल त्या दोन्हींच्या मधे पाहिजे. तेल पाण्यासारखं पांढरं स्वच्छ असेल तर छान. काळं, त्यात चमचमणारी धातूची कणी दिसली तर आत काहीतरी खातंय. दाट आणि वासाने गाडीचं इंजिन ऑइल वाटलं तर समजायचं की वापरणाऱ्याने हाताला येईल ते घातलंय, ही मशिनं एकदम पातळ तेलावर चालतात, दाट तेल पंपाला झेपत नाही आणि वरचे भाग कोरडे पळतात. मशीन चालू केल्यावर वरच्या छोट्या काचेत तेल उडताना दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पंप, जाळी, नळी यापैकी काहीतरी बंद आहे, आणि असं किती दिवस चालवलं असेल याचा विचार करा. पाच-दहा मिनिटं चालवून मग सुईच्या वरच्या भागाला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नाही इतकं गरम नको.

मोटरवर फार जीव टाकू नका. ती वेगळी वस्तू आहे, बदलता येते. जुन्या मशीनला क्लच मोटर असते, स्विच दाबला की ती सतत फिरत राहते, तुम्ही शिवा नाहीतर चहा प्या, वीज आणि आवाज दोन्ही चालूच. सर्व्हो मोटर पाय दाबला तरच फिरते, वेग कमी-जास्त करता येतो, नवशिक्या बायकांना तर सर्व्होच लावून द्यावी, पाय बसेपर्यंत भीती वाटत नाही. क्लच मोटर असेल तर पाटी वाचा, १४४० च्या आसपास आरपीएम की २८८० च्या. जाड मालाला कमी आरपीएमची आणि तिच्यावर छोटी पुली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिंगल फेज की थ्री फेज. कारखान्यातून निघालेली मशिनं बऱ्याचदा थ्री फेजची असतात, आणि घरी महावितरणचं सिंगल फेज कनेक्शन. टेंपोचं भाडं भरून मशीन घरात उतरवल्यावर हे कळून उपयोग नाही. मोटर बदलायची म्हणजे तेवढे पैसे आधीच भावातून कमी करून घ्या.

हे सगळं बघून झालं की मग चालवा, आणि स्वतः चालवा. नवी सुई घाला, आणि मशीनची सुई कुठल्या सिस्टिमची तेही बघून घ्या, साध्या लॉकस्टिचला डीबी बाय १, वॉकिंग फूटच्या बऱ्याच मशिनांना १३५ बाय १७. कुणीतरी भलतीच सुई घालून टायमिंग त्या सुईला लावून ठेवलेलं असतं, असंही बघितलंय मी. धागा न घालता आधी एका कोऱ्या कागदावर पुढे शिवा आणि त्याच रेषेवर रिव्हर्स घ्या. पुढची आणि मागची भोकं एकावर एक पडली तर फीड, म्हणजे माल सरकवणं, छान आहे. भोकांमधलं अंतर लहान-मोठं होत असेल तर टाकाही तसाच पडणार. मग तुमच्या मालाच्या दोन पट्ट्या अगदी एका मापाच्या कापून एकावर एक ठेवून शिवा, हात न लावता, ओढू नका, ढकलू नका. शेवटी कुठली पट्टी किती पुढे आली ते बघा. त्यानंतर दोन पदरांवरून सहा पदरांवर चढवा आणि परत खाली उतरवा, बॅगेच्या पट्ट्याच्या जोडावर जसं होतं तसं. चढताना आणि उतरल्यावर लगेचचे दोन-तीन टाके, तिथेच टाके सुटतात, तिथेच धागा तुटतो. उलटी बाजू पण बघा, खाली धाग्याचे लूप लोंबत असतील तर आधी टेन्शन लावून बघा, घाईने दोष देऊ नका. सावकाश शिवा, मग मध्यम, मग पळवा. काही मशिनं पळताना गोड शिवतात आणि सावकाश शिवताना टाके सोडतात, आणि बॅगेचा कोपरा तर सावकाशच शिवायचा असतो.

एक लक्षात ठेवा, लॉकस्टिचमध्ये धागा ओवून कापडाशिवाय चालवायचं नाही, हुकमध्ये गुंता होतो, आणि कापड नसताना फूट दात्यांवर टाकून पळवायचं नाही, दोन्ही खराब होतात. विकणारा स्वतःच तसं करत असेल तर मशीन कसं वापरलंय ते कळलंच. ओव्हरलॉकचं, म्हणजे कापडाची कड कापून गुंफणाऱ्या मशीनचं, वेगळं, ते कापडाशिवायही साखळी विणत जातं आणि ती साखळी एकसारखी येते का हीच त्याची पहिली परीक्षा. ओव्हरलॉकमध्ये सुरी कापतेय की चावतेय ते बघा आणि लूपरच्या, म्हणजे धागा गुंफणाऱ्या दांड्यांच्या, टोकांवर खरखर आहे का ते, बाकी चाक फिरवणं, तेल बघणं सगळं तसंच.

वॉकिंग फूटच्या ५६३, १५०८, १५४१एस या मशिनांत सेफ्टी क्लच असतो (नुसत्या १५४१ मध्ये नसतो), धागा जाम झाला की हुकची बाजू सुटते आणि मशीन मोडायचं वाचतं. तो सुटलेला असेल तर चाक फिरतं, सुई हलते, पण हुक फिरत नाही, आणि अज्ञानी विकणारा असं मशीन "खराब" म्हणून कमी भावात देऊन टाकतो. बटण दाबून चाक उलटं फिरवलं की तो परत बसतो. अशा वेळी त्यालाही सांगा काय झालंय ते, माणसाचं नुकसान करून मशीन घेऊ नका.

चप्पलवाल्यांचं लांब हाताचं सिंगर २९के, फूट गोल फिरवून कुठल्याही दिशेला शिवणारं, त्याची मागणी सुभाषनगर, जवाहरनगरच्या बाजूला असते. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीने हातानेच शिवतात, तिथे याचं काम नाही, पण पर्स, चेन, फाटलेल्या बॅगा, बुटांचं रिपेअर याला हे मशीन फार उपयोगी. यात एकच गोष्ट बघायची, टाका. टाका मोठ्यात मोठा करून चारी दिशांना शिवून बघा. आतले भाग झिजले की टाका आपोआप छोटा होत जातो, आणि एका दिशेला मोठा तर दुसऱ्या दिशेला छोटा पडतो. पूर्ण सोडूनही टाका दोन मि.मी. च्या पुढे जात नसेल तर मशीन पार थकलंय. आणि हे मशीन रिपेअरसाठीच घ्या, दिवसभर बॅगा काढायला नाही, त्याची बॉबीन इतकी छोटी असते की सारखी भरत बसावी लागते.

स्क्रूबद्दल पण सांगायलाच पाहिजे. शिलाई मशीनच्या स्क्रूचे आटे वेगळे असतात, ११/६४ बाय ४०, ९/६४ बाय ४० असली मापं, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. कुणीतरी जबरदस्तीने बसवलेला असेल तर आतले आटे गेलेले असतात. म्हणून स्क्रूची डोकी बघा, खाचा फाटलेल्या, पाना घसरलेला, हातोडीचे मार, हे दिसलं म्हणजे मशीन चुकीच्या हातातून गेलंय. बॉडीला कुठे चीर किंवा वेल्डिंग आहे का, विशेषतः खालच्या कोपऱ्यांना आणि बिजागरीपाशी. मशीन पडलेलं असेल तर तिथे दिसतं. बीड वेल्डिंगने जोडता येतं, आपल्या गावाला ते सांगायची गरज नाही, पण शाफ्टची सरळ रेघ परत तशी येईलच असं नाही.

भाव करताना आधी नव्या चायनीज सर्व्होवाल्या मशीनचा आजचा भाव विचारून ठेवा. साध्या सिंगल नीडलमध्ये कधी कधी फरक इतका कमी निघतो की वॉरंटीसकट नवीनच बरं पडतं, आणि मी तसं सरळ सांगते. वॉकिंग फूटमध्ये मात्र चांगलं जुनं जपानी मशीन मिळालं तर सोडू नका. गुडघ्याने फूट उचलायचा लिव्हर, तेलाचा ट्रे, बॉबीन भरायचं चाक, धाग्याचा स्टँड, पट्ट्याचं कव्हर हे सगळं सोबत आहे का ते पैसे द्यायच्या आधी मोजून घ्या, "नंतर पाठवतो" म्हणालेली वस्तू येत नाही. कागदावर लिहून घ्या, मॉडेल, सिरीयल नंबर, किती पैसे, कधी, विकणाऱ्याची सही. ओळखीचा असला तरी. बचत गटाच्या कर्जाला तर हा कागद लागतोच.

आणि नेताना ट्रेमधलं तेल काढून घ्या, हेड टेबलावरनं उचलून वेगळं ठेवा, सुई काढा, फूटखाली कापडाची घडी घालून फूट खाली सोडा. घरी आणल्यावर लगेच पळवू नका. नवं तेल खुणेपर्यंत भरा, चाक हाताने फिरवा, मग अर्धा तास सावकाश, फूट वर ठेवून, बिनधाग्याचं चालू द्या आणि वरच्या काचेत तेल येतंय का ते बघत राहा. कुणी मशीन बघायला निघालं असेल तर मॉडेलच्या पाटीचा, प्लेट काढून हुकचा आणि मशीन कलवून खालचा असे फोटो कमेंटमध्ये टाका. जेवढं फोटोवरनं कळतं तेवढं मी सांगेन, बाकीचं तुमच्या हातालाच कळणार.